बाचीच्या पलीकडचं काम

'काका, मी सुळग्याचा. बेळगाव परिसरात चौदा वर्षं वायरिंगची कामं करतो. कर्नाटकचं कंत्राटदार लायसन्स आहे, हाताखाली तीन पोरं आहेत. शिनोळीच्या पुढे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात एका काजू कारखान्याचं वर्षभराचं देखभालीचं काम चालून आलंय, साधारण सहा लाखांचं. बेळगावची उलाढाल चौदा लाखांच्या घरात. जीएसटी नंबर अजून घेतला नाही. कारखान्याचा अकाउंटंट म्हणतो, कर्नाटकचं बिल आम्हाला चालत नाही, महाराष्ट्राचा नंबर आणा. मेहुणा तुडयेत राहतो, तो म्हणतो माझ्या घराच्या पत्त्यावर नंबर काढूया. मित्र म्हणतो सहा टक्क्यांची स्कीम घे, डोकेदुखी नको. घरापासून अर्ध्या तासावर कारखाना, खरं परदेशात निघाल्यासारखं वाटतंय. एक देश एक बाजार म्हणतात ते मग काय? आणि जाता जाता, बायको नर्स आहे, तिला गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात बोलावलंय. तिचं कर्नाटकचं रजिस्ट्रेशन तिकडे चालेल काय?'

(लांबच्या वाचकांसाठी: आमच्याकडचं 'खरं' म्हणजे 'पण'.)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात कर आहे, नंबर आहे, स्कीम आहे, मेहुण्याचा पत्ता आहे. तुमच्या पोटापाण्याचा जो मूळ कागद, ते वायरिंगचं लायसन्स, एका ओळीत येतं आणि पुन्हा कुणी त्याचं नाव घेत नाही. अकाउंटंट नाही, मेहुणा नाही, मित्र नाही, तुम्हीही नाही. तुमचं घोडं कराच्या नाक्यावर अडणारच नाही, ते त्याच्या पुढे अडणार आहे. तिकडे येतो. आधी कराचं उरकून घेऊ, कारण ती वाट जवळजवळ मोकळी आहे.

अकाउंटंटपासून सुरुवात करू. 'कर्नाटकचं बिल चालत नाही' हे वाक्य मी १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून ऐकतोय. जीएसटीत बिल कुठल्या गावातून निघालं एवढंच बघत नाहीत, सेवा कुठे पोचली तेही बघतात. काम इमारतीशी किंवा जागेशी थेट जोडलेलं असेल तर ती जागा ज्या राज्यात, तिथे सेवा पोचली असं धरतात. यंत्राची दुरुस्ती असेल आणि गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर गिऱ्हाइकाची नोंदणी जिथे, तिथे. तुमच्या बाबतीत दोन्ही उत्तरं महाराष्ट्रच येतात. तुम्ही कर्नाटकात, सेवा महाराष्ट्रात, म्हणजे बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लागणार, अठरा टक्के. आणि आयजीएसटीचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या कारखान्याला घेता येतं, म्हणजे तुम्हाला दिलेला कर त्याला स्वतःच्या करातून वळता करता येतो. इमारतीत नवी वायरिंग केली तर त्यावरचं क्रेडिट अडू शकतं, खरं ते तुम्ही कोल्हापूरचे असता तरी अडलंच असतं. यंत्रांच्या देखभालीला ती अडचण नाही.

तरी अकाउंटंटला मी खुळा म्हणणार नाही. समजा त्याच कारखान्याचं एक गोदाम आपल्या उद्यमबागेत आहे आणि तुम्ही तिथे वायरिंग केलं. जागा कर्नाटकात, तुम्ही कर्नाटकात. मग बिलावर केंद्राचा निम्मा आणि कर्नाटकाचा निम्मा कर लागेल, आणि तो महाराष्ट्राच्या नंबरावर वळता होत नाही. असलं एखादं बिल त्यांनी कधीतरी अंगावर घेतलं असणार, आणि आता ते ताकही फुंकून पितायत. त्यांच्यासमोर बसून एक नमुना बिल आयजीएसटीचं करून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता नंबर मुळात लागतो का? सेवा देणाऱ्याला वर्षाच्या वीस लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. हे वीस लाख राज्यागणिक मोजत नाहीत, तुमच्या एका पॅनवर देशभर जे काही केलं त्याची बेरीज. जीएसटी आला तेव्हा पहिले साडेतीन महिने नियम असा होता की राज्याबाहेर एक रुपयाची सेवा दिली तरी नोंदणी सक्तीची. बेळगाव-निपाणीकडच्या माणसानं तो नियम ऐकून कपाळाला हात लावला होता. तुमच्या बाचीच्या पलीकडे शिनोळी लागते, कोगनोळीच्या पलीकडे कागल. इथे 'राज्याबाहेर' म्हणजे काय तर पलीकडची गल्ली! १३ ऑक्टोबर २०१७ ला केंद्रानं अधिसूचना काढून वीस लाखांच्या आतल्या सेवावाल्यांना त्यातून सोडवलं.

तेव्हा निव्वळ कायद्यानं बघितलं तर तुमचे चौदा आणि हे सहा, बेरीज वीसच्या बरोबर काठावर. एक जादा फेरी झाली, एक पॅनेल वाढलं, की गेलात वर. वर गेलात की तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. शिवाय तुम्ही केबल, एमसीबी, कॉन्टॅक्टर स्वतः नेऊन बसवता. सगळं मिळून एक देखभालीचं काम असेल तर गोष्ट वेगळी. खरं सामानाचं बिल सुटं काढलंत तर तो राज्याबाहेर विकलेला माल झाला, आणि मालाला ही वीस लाखांची सवलत नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. म्हणून माझं सरळ मत: काठावर कसरत करत बसू नका. सुळग्याच्या पत्त्यावर, तुमच्याच नावानं, कर्नाटकातला साधा नंबर घ्या. सरकारी फी शून्य आहे. बेळगावात घेतलेल्या केबलवरचा कर तुम्हालाही वळता होईल, आजवर तो तुमच्या खिशातूनच जात होता.

साधा नंबर म्हटलं, त्यावर जोर आहे. मित्र सांगतो ती सहा टक्क्यांची स्कीम, म्हणजे उलाढालीवर सरसकट सहा टक्के कर भरायची सोय, खरी आहे, पन्नास लाखांपर्यंतच्या सेवावाल्यांना मिळते आणि रिटर्नची कटकट कमी होते. खरं त्या स्कीमवाल्याला राज्याबाहेर सेवा देताच येत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१९ साली ही सोय नवी आली तेव्हा निपाणीच्या एका रंगकाम करणाऱ्याला मीच ती घ्यायला लावली होती. तो आयुष्यात कागलला काम घेईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. निपाणीच्या माणसाला कागल लांब का काय? त्यानं घेतलं, पोटासाठी घेतलं, आणि वर्षाच्या शेवटी फरकाचा कर आणि वर व्याज. निम्मे पैसे मी भरले. त्याच्या बायकोनं तेव्हापासून मला चहा विचारलेला नाही, आणि तिचं बरोबर आहे. सीमेपासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यानं या स्कीमकडे फिरकू नये.

मेहुण्याचा पत्ता. घरात बायको आहे म्हणून तुम्ही हे हळू आवाजात विचारलंय, मी मोठ्यानं सांगतो: नको. तुडयेच्या घरात तुमचं ऑफिस नाही, स्टोअर नाही, माणूस नाही. अधिकारी पत्ता बघायला येऊ शकतात, खोटा निघाला तर नंबर रद्द होतो आणि वर दंड. बरं, कुणी आलं नाही असं धरा. मग दोन नंबर म्हणजे कायद्याच्या नजरेत दोन वेगळी माणसं. बेळगावात केबल घेतलीत, तिचं क्रेडिट सुळग्याच्या नंबरावर. काम दाखवलंत तुडयेच्या नंबरावर, तिथे क्रेडिट शून्य. एका हातात ताट, दुसऱ्या हातात भात, आणि मधे नदी. ते जुळवायला स्वतःच स्वतःला बिल काढावं लागेल. रिटर्न दुप्पट, अकाउंटंटची फी दुप्पट. ज्या दिवशी तिकडे खरंच एक खोली घेऊन सामान ठेवाल, दोन पोरं कायमची तिथे बसतील, त्या दिवशी महाराष्ट्राचा नंबर घ्यायलाच लागेल, आणि तेव्हा तो खराही असेल. टूलबॅग घेऊन आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

एक जुनी गंमत सांगून कर संपवतो. जीएसटीच्या आधी मालाच्या वाटेत नाके होते, सी फॉर्म होते, ट्रकांच्या रांगा होत्या. सेवेला मात्र १९९४ पासून केंद्राचा एकच सेवाकर होता आणि मोठ्या कंपनीला सगळ्या देशासाठी एकच नोंदणी चालायची. जीएसटी आला, मालाचे नाके उठले आणि सेवेच्या नोंदण्या राज्याराज्यांत वाटल्या गेल्या. सगळ्यांनी उठलेल्या नाक्यांचे फोटो काढले. वाटलेल्या नोंदण्यांचा फोटो कोण काढणार?

आता लायसन्स.

विजेच्या सुरक्षेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरण करतं. आधीचे २०१० चे होते, नवे २०२३ चे. सगळ्या देशाला तेच. त्यात सांगितलंय की वीज जोडणीचं काम, मग ते नवं असो, वाढीव असो वा दुरुस्तीचं, राज्य सरकारनं लायसन्स दिलेल्या कंत्राटदारानंच करायचं. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परवाना हवा. त्या तिकडच्या सरकारी मराठीत वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात, फॉर्ममध्ये हा शब्द दिसला की बिचकू नका. सूट आहे ती दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलण्याला, तीही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर.

काजू कारखान्यात तुमचं काम काय? मोटरी, स्टार्टर, पॅनेल, ड्रायरचं कनेक्शन, अर्थिंग. सगळं थ्री फेज. पंखा बदलण्याच्या सवलतीत यातलं फारसं काही बसत नाही. तुमचं लायसन्स कर्नाटक सरकारचं, आणि कारखाना महाराष्ट्रात. उद्या कारखान्यानं लोड वाढवायला महावितरणकडे अर्ज केला तर टेस्ट रिपोर्टवर महाराष्ट्राच्या लायसन्सवाल्याची सही मागतील, जशी इकडची वीज कंपनी हेस्कॉम कर्नाटकाची मागते. हे झालं साध्या दिवसाचं. वाईट दिवस आला तर? काजूच्या टरफलात तेल असतं, ते कसं पेटतं हे चंदगडच्या माणसाला मी सांगायची गरज नाही, तिथे बॉयलरलाच टरफल घालतात. शॉर्टसर्किट झालं, गोदाम जळलं, की विम्याचा माणूस येऊन पहिल्यांदा विचारणार की पॅनेलला शेवटचा हात कुणी लावला आणि कुठल्या लायसन्सवर. त्या वेळी अठरा टक्क्यांचं बिल किती छान होतं याचा काही उपयोग नाही.

मला विचाराल तर हे कुंपण अर्धं शहाणपणाचं आहे आणि अर्धं आळसाचं. शहाणपणाचं अशासाठी की ४४० व्होल्टला हात घालणाऱ्याची कुणीतरी परीक्षा घेतलीच पाहिजे. आळसाचं अशासाठी की बाचीला वीज बदलत नाही. सुरक्षेचे नियम दोन्हीकडे तेच, धक्का तोच. मग एका सरकारनं घेतलेली परीक्षा दुसऱ्यानं पुन्हा का घ्यावी? वकिलांचं बघा. वकील कायदा १९६१ चा, त्यातलं देशभर कुठल्याही कोर्टात उभं राहू देणारं कलम तब्बल पन्नास वर्षं कागदावर पडून होतं, ते १५ जून २०११ ला अमलात आलं. चार्टर्ड अकाउंटंट कुठेही सही करू शकतो. १९७२ च्या कायद्यानं आर्किटेक्टची एकच देशभराची परिषद आहे. टायवाल्यांच्या वाटा मोकळ्या झाल्या, पकडवाल्यांच्या राहिल्या.

तुमच्या 'एक देश एक बाजार'चं उत्तर यातच आहे. राज्यघटनेचं ३०१ वं कलम म्हणतं की देशभर व्यापार मोकळा असेल. एकोणिसावं कलम कुठलाही व्यवसाय करायचा हक्क देतं. चहाच्या टपरीवर ही दोन कलमं ठोकून सांगणारे पुष्कळ भेटतात. खरं त्याच एकोणिसाव्या कलमात पुढे लिहिलंय की व्यवसायासाठी लागणारी तांत्रिक पात्रता कायद्यानं ठरवता येते. तुमचं लायसन्स त्या ओळीत बसतं. तेव्हा निरीक्षकाच्या टेबलावर घटना काढून ठेवू नका, अर्ज ठेवा.

आणि हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. युरोपीय संघातही माल मोकळा फिरतो आणि सेवा अडखळते. २००४ साली तिथले आयुक्त फ्रिट्स बोल्केस्टाईन यांनी मसुदा आणला: माणूस ज्या देशात नोंदलेला आहे त्या देशाचे नियम पाळून त्यानं दुसऱ्या देशात सेवा द्यावी. फ्रान्समध्ये गदारोळ झाला. 'पोलंडचा प्लंबर' येऊन आमचं काम खाणार, या बागुलबुव्यावर युरोपीय राज्यघटनेवरच्या २००५ च्या सार्वमताचा प्रचार रंगला. बोल्केस्टाईन म्हणाले, मला तर तो प्लंबर हवाच आहे, उत्तर फ्रान्समधल्या माझ्या घराला मिळत नाही. त्यावर तिथल्या वीज कामगारांनी काय करावं? त्यांच्या त्या घराची वीजच तोडली. तुमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून हसू येईल, म्हणून लिहिलं.

डिसेंबर २००६ मध्ये तिथला कायदा झाला, खरं 'मूळ देशाचे नियम' ही त्यातली मुख्य गोष्टच गळाली, आणि आरोग्य, वाहतूक असली क्षेत्रं बाहेर राहिली. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं हिशेब मांडला की युरोपच्या देशादेशांत सेवांना जे अडथळे उरलेत ते ११० टक्के जकातीच्या तोडीचे आहेत. मालाला तोच आकडा ४४ टक्के. म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा श्रीमंत माणसंही याच चिखलात उभी आहेत. तरी त्यांच्याकडची एक गोष्ट मला आवडते. पात्रतेच्या वेगळ्या कायद्यात त्यांनी थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याला वाट दिली: वर्षातून एकदा तिथल्या कार्यालयाला लेखी कळवायचं, आपल्या देशाची कागदपत्रं जोडायची, आणि कामाला लागायचं. जिवाच्या सुरक्षेशी संबंध असेल तर ते आधी पात्रता तपासतात. आधी कळवा, मग चढा खांबावर. बेळगाव आणि कोल्हापूरच्या विद्युत निरीक्षकांमध्ये असली एक वही असती तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

ती वही नाही. मग आज काय करायचं?

नियमातले शब्द पुन्हा बघा. पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवाना राज्य सरकारनं 'दिलेला किंवा मान्य केलेला' असावा, असं तिथे आहे. त्या 'किंवा'वर तुमची भाकरी आहे. कोल्हापूरच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जा आणि महाराष्ट्राच्या अनुज्ञापक मंडळाकडे कर्नाटकाचे परवाने मान्य करून घेण्याचा आणि कंत्राटदार लायसन्सचा अर्ज कसा करायचा ते विचारा. तोंडी 'होतंय बगा' किंवा 'नाही होत' यावर परत फिरू नका, अर्ज देऊन पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. कन्नडमधले कागद असतील त्यांचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर बरोबर न्या. तिथल्या टेबलावर बसलेल्याला कन्नड येत नसेल यात त्याचा दोष नाही, आपल्यापैकी किती जणांना इकडच्या टेबलावर तोच अनुभव उलट्या बाजूनं आलाय.

उत्तर येईपर्यंत सहा लाखांचं काम हातचं घालवू नका, त्याची फोड करा. मोटरी उतरवून सुळग्याला आणायच्या, रिवायंडिंग इथे तुमच्या शेडमध्ये करायचं. ती वस्तूची दुरुस्ती झाली, जोडणीचं काम नाही. फक्त मोटर राज्याबाहेर येताना कारखान्यानं चलन आणि ई-वे बिल काढायला हवं. पन्नास हजारांच्या आतली असली तरी, कारण जॉबवर्कला (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाला ती मर्यादा लागू नाही. दिवे-पंखे-स्विच तुम्ही सवलतीत करू शकता. उरलं पॅनेल, अर्थिंग आणि थ्री फेजची जोडणी. त्यासाठी गडहिंग्लज किंवा चंदगडचा महाराष्ट्र लायसन्सवाला कंत्राटदार गाठा. कारखान्याशी तेवढा करार त्याचा, देखरेख त्याच्या पर्यवेक्षकाची, हात त्याच्या परवानाधारक पोरांचे, आणि तुम्ही त्याला सामान, नियोजन, वर्षभराचं वेळापत्रक द्या. तो वाटा मागेल, द्या. घासाघीस जरूर करा. खरं नुसती सही विकत घेऊ नका. शंभर-दोनशे रुपयांना टेस्ट रिपोर्टवर सही देणारे दोन्ही बाजूंना आहेत, आणि आग लागल्यावर ते गावाला गेलेले असतात.

गाडीचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण वाटेत कुणीतरी घाबरवणारच. तुमचा छोटा हत्ती माल भरून तीन हजार किलोच्या आत बसतो, त्या वजनाच्या मालगाडीला परमिटच लागत नाही. विमा आणि बाकी कागद चालू ठेवा. गाडी वर्षभराहून जास्त तिकडेच ठेवलीत तर नंबर बदलायचा प्रश्न येतो, रोज घरी येणाऱ्या गाडीला नाही.

पैशाचं मात्र मनावर घ्या. कच्ची बी खरेदीच्या दिवसांत काजूवाल्याचा सगळा पैसा पोत्यांत अडकतो, आणि मग वायरमनचं बिल 'पुढच्या आठवड्यात' जातं. करार करायच्या आधी, पुन्हा सांगतो आधी, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) करून घ्या. तीही फुकट, पॅन आणि आधारवर, देशभर एकच. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आणि यातली सगळ्यात गोड गोष्ट: भांडण झालंच तर विक्रेता ज्या राज्यात आहे तिथल्या, याच कायद्याखालच्या परिषदेकडे तक्रार करता येते, घेणारा देशात कुठेही असो. तुम्हाला वसुलीसाठी सीमा ओलांडावी लागत नाही. देखभालीचं बिल यासाठी दर महिन्याला, वेगळं, तारखेसह काढा. वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा काढू नका.

करारात एक ओळ आपल्या भागाची म्हणून घाला. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या होत्या, आणि बस थांबली की गाड्यांची पाटी बघणारे रस्त्यावर येतात. अशा दिवशी माणूस पोचला नाही तर दंड नाही, पुढच्या तीन दिवसांत काम भरून देऊ, एवढं लिहा. सीमाप्रश्नावर मी या सदरात लिहीत नाही, तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि माझ्या मताची तिथे कुणी वाट बघत नाही. खरं त्या दिवशी तुमची रोजी बुडते ती कुणी भरून देत नाही, म्हणून कागदावर असलेली बरी.

वहिनींचं. नर्सची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते, म्हणून गडहिंग्लजला नोकरी करायची तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव लागायला हवं. कर्नाटकाच्या परिषदेकडून ना हरकत आणि नोंदणीची खातरजमा घेऊन तिकडे अर्ज करायचा. अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेनं मान्य केलेला असेल तर पुन्हा परीक्षेचा प्रश्न येत नाही. दवाखाना म्हणेल 'आधी रुजू व्हा, नोंदणी होत राहील'. होऊ नये. इंजेक्शन दिल्यावर काही बिघडलं तर दवाखाना मागे सरकतो आणि सही करणारी पुढे राहते. त्यांनी आजच अर्ज टाकावा. मी पैज लावतो, त्यांचं काम तुमच्या आधी होईल.

माझ्या टेबलावर अशीच आणखी दोन पत्रं पडली आहेत, एक निपाणीच्या लिफ्ट दुरुस्ती करणाऱ्याचं, एक अथणीच्या बोअर मारणाऱ्याचं, ज्याला जतची कामं मिळतायत. कोल्हापूरचं लेखी उत्तर आलं की नाव झाकून मला त्याची एक झेरॉक्स पाठवा. त्यांनाही दाखवतो.